दातांच्या तारा चिकटतात कशा?



आपल्या शाळेच्या आठवी-नववीच्या कोणत्याही वर्गात डोकावले, तर दातांना तारा लावलेली दोन-चार मुलेमुली हमखास दिसतात. समोरच्या प्रत्येक दातावर एक चिमुकले चौकोनी बटण, त्या बटणांतून ओवलेली बारीक तार आणि तिला धरून ठेवणारी रंगीत रबरी कडी. या बटणाला दंतवैद्य ‘ब्रॅकेट’ म्हणतात. ते लावले की पहिले काही दिवस मुले हसताना ओठांवर हात धरतात, वर्गबंधू थोडी थट्टा करतात आणि मग सर्वांना त्याची सवय होते.

पण या बटणाकडे जरा कुतूहलाने पाहा. ते दाताच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बसलेले असते. त्याला खिळा नाही, स्क्रू नाही, दाताभोवती पट्टा नाही. दिवसातून तीन-चार वेळा त्याच्यावरून भाकरी, भात, गरम चहा, थंडगार कुल्फी असे सारे काही जाते. तोंड सदैव ओले असते. वरून तारेची ओढ रात्रंदिवस चालू असते. इतके सगळे सोसूनही ते दीड-दोन वर्षे जागचे हलत नाही. आणि उपचार संपला की दंतवैद्य एकाच बैठकीत सगळी बटणे काढून टाकतात आणि दात पूर्वीसारखा गुळगुळीत दिसू लागतो. घट्ट धरायचेही आणि वेळ आली की इजा न करता सोडायचेही, अशा दोन परस्परविरोधी मागण्या पुऱ्या करणारे हे चिकटवण्याचे तंत्र आले कोठून? त्याचा इतिहास फार जुना नाही. आपल्या आजी-आजोबांच्या शाळकरी वयात तो घडत होता. तो समजून घेतला तर तारा लावलेल्या मुलांनी दात का जपायचे, हेही आपोआप कळते. म्हणून या अंकात आम्ही तो सांगत आहोत.

आधी दाताला पट्टा असे

वाकडे दात सरळ करण्याची हौस जुनीच. फ्रान्समधील पिएर फोशार या दंतवैद्याने १७२८ साली दंतशास्त्रावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने घोड्याच्या नालाच्या आकाराची एक धातूची पट्टी वर्णिली आहे. ती दातांच्या ओळीला लावायची आणि वाकडे दात दोऱ्याने तिला बांधायचे, म्हणजे ते हळूहळू पट्टीच्या आकाराकडे ओढले जातात. कल्पना योग्य होती, पण दोरा दातावर पक्का राहत नाही. तो सरकतो, हिरडीकडे उतरतो.

या विषयाचे स्वतंत्र शास्त्र बनवले ते अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी (१८५५–१९३०). वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे बसतात, यावरून त्यांनी १८९९ साली वाकड्या दातांचे जे वर्गीकरण केले, ते आजही दंत महाविद्यालयांत शिकवले जाते. १९२० च्या दशकात त्यांनी ‘एजवाइज’ नावाचे ब्रॅकेट तयार केले. त्याला आडवी चौकोनी खाच होती आणि तीत चौकोनी तार बसत असे. गोल तार खाचेत गरगर फिरते, चौकोनी तार फिरत नाही. त्यामुळे दात नुसता ढकलता येत नाही, तर मुळापासून वळवता येतो. आजची बहुतेक ब्रॅकेट ही याच कल्पनेची नातवंडे आहेत.

परंतु हे ब्रॅकेट दातावर बसवायचे कसे? त्या काळी एकच उपाय होता. प्रत्येक दाताभोवती धातूचा पातळ पट्टा, म्हणजे ‘बँड’, अंगठीसारखा घट्ट बसवायचा आणि ब्रॅकेट त्या पट्ट्यावर डाग देऊन जोडायचे. सुरुवातीला हे पट्टे सोन्याच्या मिश्रधातूचे असत, पुढे स्टेनलेस स्टीलचे आले. पट्टा आणि दात यांच्या मधल्या फटीत सिमेंट भरले जाई.

हे काम किती जिकिरीचे होते पाहा. दोन शेजारचे दात एकमेकांना टेकलेले असतात. त्यांच्यातून पट्टा जायचा तर आधी जागा करायला हवी. त्यासाठी दातांच्या सांध्यांत काही दिवस पितळेची तार किंवा रबर अडकवून ठेवत. त्याने दात ठणकत. मग प्रत्येक दाताच्या मापाचा पट्टा बनवायचा, ठोकून बसवायचा, काढायचा, ब्रॅकेट जोडायचे, पुन्हा सिमेंट लावून बसवायचा. तोंडातील वीसेक दातांसाठी हा सारा खटाटोप. पट्ट्याची कड हिरडीला टोचे. एखाद्या पट्ट्याखालचे सिमेंट विरघळले तर तेथे अन्न शिरून दात आतून कुजे आणि बाहेरून काहीच कळत नसे. उपचार संपून पट्टे काढले की प्रत्येक दोन दातांत पट्ट्याच्या जाडीएवढी फट उरे. शिवाय हसले की सगळे दात धातूने मढवलेले दिसत. अनेक मुले-मुली आणि त्यांचे पालक केवळ या दिसण्यापायी उपचार नको म्हणत.

तेव्हा ब्रॅकेट सरळ दातालाच चिकटवता आले तर किती बरे, हे सर्वांनाच वाटत होते. अडचण एकच होती. चिकटत नव्हते.

दाताला काहीच का चिकटत नव्हते?

दाताच्या वरच्या कवचाला एनॅमल म्हणतात. आपल्या शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो, उरलेले पाणी आणि थोडे सेंद्रिय द्रव्य. पृष्ठभाग गुळगुळीत, त्यावर लाळेतील प्रथिनांचा अदृश्य थर आणि सभोवती सतत ओलावा. गुळगुळीत ओल्या फरशीवर पापड वाळत घालण्यासारखाच हा प्रकार.

१९५८ साली सॅडलर या अमेरिकी संशोधकाने बाजारात मिळणारी अनेक चिकटद्रव्ये घेऊन ब्रॅकेट दाताला चिकटतात का याची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात दातांची सिमेंटे होती, रबराची चिकटद्रव्ये होती, धातू जोडणारी होती, सर्वसाधारण वापराचीही होती. एकही उपयोगी ठरले नाही.

गंमत अशी की, या कोड्याचे उत्तर त्याआधी तीन वर्षे छापून आले होते. फक्त ते वेगळ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आले होते.

रंगकामाच्या कारखान्यातून आलेली युक्ती

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर नावाचे शहर आहे. कोडॅक कॅमेऱ्याचे जनक जॉर्ज ईस्टमन तेथलेच. त्यांच्या देणगीतून या शहरात १९१७ साली गरीब मुलांच्या दातांसाठी एक दवाखाना सुरू झाला. पुढे त्याला ईस्टमन यांचेच नाव देण्यात आले आणि तेथे उपचारांबरोबर संशोधनही होऊ लागले. आमच्या विश्वस्त मंडळींनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. गरीब मुलांचे दात काढण्या-भरण्यासाठी दिलेल्या पैशांतून पुढे साऱ्या जगातील दंतवैद्यक बदलून टाकणारे काम झाले. देणगीची फळे कोठे आणि कधी लागतील, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

या संस्थेत मायकेल ब्युओनोकोर नावाचे संशोधक होते. त्यांच्यापुढचा प्रश्न वाकड्या दातांचा नव्हताच. त्या वेळी दात भरण्यासाठी ॲक्रिलिक हे दाताच्या रंगाचे प्लास्टिक वापरात आले होते. पण ते दाताला धरत नसे. कडेने बारीक फट राही, तीत लाळ आणि जंतू शिरत आणि भरलेला दात पुन्हा किडे.

ब्युओनोकोर यांनी दातांच्या जगाबाहेर पाहिले. कारखान्यांत लोखंडी पत्र्याला रंग देण्यापूर्वी तो फॉस्फरिक आम्लाने धुऊन घेतात, म्हणजे रंग पक्का बसतो. आपल्याकडे कल्हईवालाही हेच जाणतो. भांडे तापवून नवसागराने साफ केल्याशिवाय कथील धरत नाही. मग दातालाही आधी आम्ल लावून पाहिले तर?

त्यांनी ८५ टक्के फॉस्फरिक आम्ल दाताच्या पृष्ठभागावर ३० सेकंद ठेवले, पाण्याने धुतले, दात कोरडा केला आणि त्यावर ॲक्रिलिकचा एक थेंब बसवला. हा प्रयोग त्यांनी माणसांच्या तोंडातील पुढच्या दातांवर केला. तुलनेसाठी आम्ल न लावलेल्या दातांवरही असेच थेंब बसवले. आम्ल न लावलेल्या दातांवरचे थेंब काही तासांतच गळून पडले. आम्ल लावलेल्या दातांवरचे थेंब मात्र सरासरीने कित्येक आठवडे टिकले. हा निबंध १९५५ साली ‘जर्नल ऑफ डेंटल रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षकही साधेच होते. एनॅमलला ॲक्रिलिक अधिक चांगले चिकटावे यासाठी एक सोपी पद्धत, एवढाच त्याचा अर्थ.

आज दंतशास्त्राचा इतिहास सांगताना या निबंधाचे नाव पहिल्या काहींत येते. पण त्या वेळी त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. धडधाकट दाताला मुद्दाम आम्ल लावायचे, ही कल्पनाच दंतवैद्यांना पचणारी नव्हती. आम्लाने दात किडतात, हेच तर ते रोज रुग्णांना सांगत होते.

आम्ल नेमके करते काय?

आपल्या घरातला पाटा-वरवंटा किंवा जाते आठवा. वापरून वापरून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर चटणी वाटली जात नाही. मग टाकी लावणाऱ्याला बोलावतात. तो छिन्नीने पाट्यावर बारीक टोचे पाडतो. आम्ल एनॅमलला अशीच टाकी लावते, फक्त अतिशय सूक्ष्म.

एनॅमल हे एकसंध नसते. ते असंख्य बारीक दांड्यांच्या जुडीसारखे असते आणि प्रत्येक दांडीत खनिजाचे स्फटिक असतात. आम्ल लागले की या दांड्यांचा काही भाग विरघळतो, काही तसाच राहतो. पृष्ठभाग मधमाशांच्या पोळ्यासारखा खाचखळग्यांचा होतो. ही छिद्रे इतकी लहान की साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. कोरड्या दातावर फक्त खडूसारखा पांढुरका, निस्तेज डाग दिसतो. मग त्यावर पातळ प्लास्टिक द्रव लावला की तो त्या छिद्रांत झिरपतो आणि तेथेच घट्ट होतो. वडाच्या मुळ्या जुन्या भिंतीच्या फटींत शिरून जशी भिंत धरतात, तशी या प्लास्टिकची असंख्य सूक्ष्म बोटे एनॅमलला धरून ठेवतात. म्हणजे येथे डिंकासारखे नुसते चिकटणे नसून एकमेकांत अडकणे आहे.

ही गोष्ट ब्युओनोकोर यांना १९५५ मध्ये पक्की ठाऊक नव्हती. त्यांनी आपल्या निबंधात चार-पाच संभाव्य कारणे मांडली होती. प्लास्टिकची ही सूक्ष्म बोटे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दाखवली गेली ती १९६७–६८ साली, ग्विनेट, मात्सुई आणि स्वतः ब्युओनोकोर यांच्या कामातून. म्हणजे उपाय आधी सापडला आणि त्याचे कारण बारा-तेरा वर्षांनी कळले. विज्ञानात असे पुष्कळदा होते.

पहिले ब्रॅकेट चिकटले

आता चिकटण्याची जागा तयार झाली होती, हवे होते दणकट चिकटद्रव्य. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील जॉर्ज न्यूमन हे दात सरळ करणारे डॉक्टर, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट, या मागे लागले. त्यांनी इपॉक्सी रेझिन निवडले. इपॉक्सी म्हणजे दोन द्रव्ये एकत्र केल्यावर घट्ट होणारे चिकटद्रव्य. फुटलेल्या वस्तू जोडण्यासाठी दोन नळ्यांत मिळते ते याच जातीचे. ब्युओनोकोर यांच्या पद्धतीने दाताला आम्ल लावायचे आणि त्यावर इपॉक्सीने ब्रॅकेट बसवायचे, असा न्यूमन यांचा मार्ग होता. १९६५ साली त्यांनी आपल्या कामाचा अहवाल अमेरिकेच्या ऑर्थोडॉन्टिक्सच्या प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध केला. ब्रॅकेट थेट दाताला चिकटवण्याच्या इतिहासाची सुरुवात साधारणपणे येथूनच मोजतात.

इपॉक्सीत एक मोठी उणीव होती. ते घट्ट व्हायला फार वेळ घेई. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने तोंड उघडे ठेवून, जीभ न हलवता, दाताला लाळ न लागू देता किती वेळ बसायचे? कल्पना सिद्ध झाली होती, पण रोजच्या दवाखान्यात ती चालण्याजोगी व्हायची होती.

मग जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून लोक कामाला लागले. इंग्लंडमध्ये डेनिस स्मिथ यांनी १९६८ साली झिंक पॉलिकार्बोक्झिलेट हे नवे सिमेंट आणले. मिझ्राही आणि स्मिथ यांनी १९६९ साली त्याने ब्रॅकेट बसवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. दक्षिण आफ्रिकेत रेटिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली इपॉक्सीवर आधारलेली आपली पद्धत मांडली.

जपानची वाट वेगळी होती. टोकियोमधील तत्कालीन टोकियो मेडिकल अँड डेंटल युनिव्हर्सिटीत फुजिओ मिउरा यांनी नाकागावा आणि मासुहारा यांच्यासह १९७१ साली नवी पद्धत प्रसिद्ध केली. त्यांचे चिकटद्रव्य ॲक्रिलिकच्या जातीचे होते, पण ते घट्ट करण्यासाठी त्यांनी बोरॉनचे एक संयुग वापरले. त्याचा गुण असा की थोड्या ओलाव्यातही ते आपले काम करी. तोंडासारख्या ओल्या जागी हा मोठाच फायदा. या पद्धतीत ब्रॅकेट प्लास्टिकची होती, त्यामुळे ती दुरून फारशी दिसतही नसत. मात्र प्लास्टिकची ब्रॅकेट कालांतराने पिवळी पडत, आणि तारेच्या जोराने त्यांची खाच वाकडी होई.

याच सुमारास आणखी एक धागा येऊन मिळाला. रफाएल बोवेन हे संशोधक अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत दात भरण्याच्या नव्या द्रव्याचा शोध घेत होते. त्यांनाही इपॉक्सीचा मंदपणा नडला होता. म्हणून त्यांनी इपॉक्सीचा सांगाडा आणि ॲक्रिलिकचा चटकन घट्ट होण्याचा गुण एकाच रेणूत आणला. ‘बिस-जीएमए’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रेणूचे पेटंट त्यांना १९६२ साली मिळाले. त्यात काचेसारख्या खनिजाची बारीक पूड मिसळली की दाताच्या रंगाचे, दणकट भरणद्रव्य तयार होते. आज आपण दात भरून घेतो तेव्हा बहुधा याच घराण्यातले द्रव्य वापरलेले असते. ब्रॅकेट चिकटवण्यासाठीही अखेर हेच घराणे सर्वमान्य झाले.

१९७२ साली सिल्व्हरमन, कोहेन, जियानेली आणि डिट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी धातूची आणि प्लास्टिकची अशी दोन्ही ब्रॅकेट बसवता येतील अशी पद्धत मांडली. त्यांचे चिकटद्रव्य अतिनील प्रकाश पडला की घट्ट होई. म्हणजे ब्रॅकेट जागेवर नीट सरकवायला डॉक्टरांना हवा तेवढा वेळ मिळे आणि मग दिवा लावला की काम झाले. अतिनील प्रकाशाचे धोके लक्षात घेऊन पुढे साध्या डोळ्यांना दिसणारा निळा प्रकाश वापरात आला. १९७९ साली टाव्हास आणि वॉट्स यांनी असे प्रकाशाने घट्ट होणारे द्रव्य ब्रॅकेटसाठी चालते, हे प्रयोगशाळेत दाखवले. आज दंतवैद्याकडे निळा प्रकाश देणारी जी छोटी बत्ती दिसते, तिचे मूळ येथे आहे.

धातूच्या ब्रॅकेटचा प्रश्न मात्र वेगळा होता. द्रव्य दाताला धरले तरी धातूच्या गुळगुळीत पाठीला धरेना. त्यावरचा तोडगा अगदी घरगुती म्हणावा असा. ब्रॅकेटच्या पाठीला चहाच्या गाळणीसारखी अतिशय बारीक जाळी जोडली. चिकटद्रव्य जाळीच्या भोकांत शिरते आणि तेथे अडकून बसते. दाताकडे आम्लाने केलेली छिद्रे, ब्रॅकेटकडे जाळीची भोके, आणि मध्ये दोन्हींना धरणारे द्रव्य!

धरायचे किती आणि सोडायचे कसे?

१९७५ साली ब्रिटनमधील रेनॉल्ड्स यांनी तोवरच्या सर्व कामाचा आढावा घेतला. ब्रॅकेट टिकण्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला साधारण ६० ते ८० किलोग्रॅम एवढा जोर सोसणारी पकड पुरेशी आहे, असे त्यांनी मांडले. ब्रॅकेटची पाठ चौरस सेंटिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढी असते, हे धरून हिशोब केला तर एका बटणाला सहा-आठ किलोचा जोर होतो. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. एका बादलीभर पाण्याचे वजन साधारण दाताच्या एका बटणावर!

मग पकड याहून कितीतरी जास्त का करू नये? कारण ब्रॅकेट काढायचेही असते. पकड एनॅमलच्याच ताकदीला भिडू लागली, तर काढताना एनॅमलचा टवका निघू शकतो. १९८० च्या दशकात सिरॅमिकची पारदर्शक ब्रॅकेट आली, तेव्हा काही रुग्णांत असे घडलेही, आणि उत्पादकांना ब्रॅकेटच्या पाठीची रचना बदलावी लागली. आणि हाड मोडले तर जुळते, पण एनॅमल पुन्हा तयार होत नाही. ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतो तेव्हाच नाहीशा झालेल्या असतात. म्हणून चिकटद्रव्याच्या बाबतीत ‘जितके घट्ट तितके चांगले’ हा नियम लागू पडत नाही. पुरेसे घट्ट हवे, आणि सुटताना ते दाताला सांभाळून सुटायला हवे.

नॉर्वेतील ऑस्लोचे ब्यॉर्न झाक्रिसन यांनी नेमके याकडे लक्ष दिले. नुसती ब्रॅकेट टिकली का एवढेच न पाहता, पूर्ण उपचार संपल्यावर दातांचे काय झाले, याचा अभ्यास त्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केला. १९७९ साली त्यांनी आर्टुन यांच्यासह ब्रॅकेट काढल्यावर उरलेले द्रव्य कोणत्या साधनाने साफ केले असता एनॅमलवर कमीत कमी ओरखडे उठतात, हे तपासले. शोध लावणे एक, आणि तो लोकांच्या तोंडात निर्धोकपणे वापरता येईल असा करणे दुसरे. या दुसऱ्या कामाला टाळ्या कमी मिळतात, पण त्यावाचून पहिले अपुरेच राहते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रॅकेट थेट चिकटवणे ही जगभर मान्य झालेली पद्धत बनली आणि पुढच्या दातांवरचे पट्टे इतिहासजमा झाले. दाढांवर मात्र आजही काही डॉक्टर पट्टे वापरतात, कारण तेथे चावण्याचा जोर फार असतो.

या तंत्राने पुढचे दरवाजेही उघडले. दाताच्या आतल्या, जिभेकडच्या बाजूला ब्रॅकेट बसवण्याची पद्धत जपानच्या फुजिता यांनी १९७९ साली मांडली. ती पट्ट्यांच्या काळात फार अवघड होती. आज पारदर्शक प्लास्टिकचे साचे वापरून दात सरळ करतात, त्यांतही साचा दाताला नीट धरावा म्हणून दातांवर छोटे उंचवटे चिकटवतात. तेही आम्ल लावूनच. आजकाल साधारण ३७ टक्के आम्ल १५ ते ३० सेकंद वापरतात. म्हणजे ब्युओनोकोर यांच्यापेक्षा निम्म्याहून कमी तीव्र. तत्त्व मात्र तेच आहे.

आता आपल्यासाठी

हे सारे वाचून एखाद्या चाणाक्ष विद्यार्थ्याच्या मनात शंका येईल. डॉक्टर आम्ल लावतात ते चालते, मग कोला पेयांत फॉस्फरिक आम्लच असते, ते का नको? फरक असा की, डॉक्टर आम्ल मोजून लावतात, काही सेकंदांतच धुऊन टाकतात आणि त्यातून झालेली छिद्रे लगेच भरून टाकतात. कडेला थोडा भाग उघडा राहिलाच तर लाळेतील क्षार तो हळूहळू भरून काढतात. पेये आणि गोड खाणे यांचा हल्ला मात्र मोजून होत नाही, तो दिवसभर चालतो. गोड पदार्थ दातावरच्या जंतूंना मिळाला की ते स्वतः आम्ल तयार करतात, आणि ब्रॅकेटच्या कडेला अडकलेला अन्नाचा कण म्हणजे त्यांचे कायमचे स्वयंपाकघर.

१९८२ साली गोरेलिक, गायगर आणि ग्विनेट यांनी तारांचा उपचार पूर्ण झालेल्या रुग्णांची पाहणी केली. जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या किमान एका दातावर पांढरा डाग आढळला. हा डाग म्हणजे दात किडण्याची पहिली पायरी. विचार करा, दोन वर्षे तारा सोसल्या, आईवडिलांनी पदराला खार लावून पैसे भरले, दात ओळीत आले, आणि ब्रॅकेट निघाल्यावर प्रत्येक दातावर चौकोनाच्या आकाराचा पांढरा डाग! हा दोष ना आम्लाचा, ना चिकटद्रव्याचा. तो न घासलेल्या दातांचा.

आमच्या हैदराबादच्या परिसरातल्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नलगोंडा भागात पाण्यात फ्लोराइड जास्त असल्यामुळे अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग आणि खड्डे दिसतात. पाण्यातील फ्लोराइड कमी करण्याची नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केलेली पद्धत याच जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाते. असे एनॅमल आम्लाला सहज दाद देत नाही, त्यामुळे त्यावर ब्रॅकेट वारंवार सुटू शकते. मुलाचे बालपण अशा भागात गेले असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. ब्रॅकेट सुटले की मुलानेच काहीतरी खाऊन तोडले असणार, असे धरून त्याला रागावण्यापूर्वी हे कारणही तपासून घ्यावे.

तारा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक खाण्यानंतर ब्रश करा, निदान खळखळून चूळ भरा. ब्रॅकेटच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून ब्रश फिरवा. पेरू, ऊस, चिक्की, भाजलेले कणीस पुढच्या दातांनी तोडू नका, तुकडे करून दाढेने खा. चिकट गोळ्या आणि कोला पेये या दोन वर्षांपुरती तरी सोडा. ब्रॅकेट सुटले तर घरातल्या डिंकाने किंवा झटपट चिकटणाऱ्या नळीतल्या द्रव्याने चिकटवण्याचा उद्योग अजिबात करू नका. डॉक्टरांकडे जा.

आणि विश्वस्त मंडळींना एक विनंती. मधल्या सुट्टीत डबा खाल्ल्यावर मुलांना चूळ भरता यावी, ब्रश करता यावा, यासाठी नळांच्या रांगेपाशी एखादा आरसा आणि पाच मिनिटांचा वेळ मिळाला, तर खर्च फार नाही आणि फायदा पुष्कळ आहे. ज्यांना तारा नाहीत त्यांच्याही दातांना तो होईल.

राहता राहिली थट्टा. वर्गातल्या एखाद्या मित्राला ‘तारेचे कुंपण’ म्हणून चिडवावेसे वाटले, तर त्या बटणामागे रॉचेस्टर, न्यू जर्सी, टोकियो, जोहान्सबर्ग आणि ऑस्लो अशा किती ठिकाणच्या माणसांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे, ते आठवा. आणि तारा असलेल्यांनी ओठांवरचा हात काढून मोकळेपणाने हसावे. पट्ट्यांच्या काळातल्या मुलांना ते इतके सोपे नव्हते.